टाचेवरचे ठिपके

आई, आज दुपारी तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझी मुलगी दिवस भरण्याआधीच आली, माझ्यासारखीच. इस्पितळात, काचेच्या पेटीत निजली आहे. इथे उजेडही हलक्या पावलांनी येतो. तिच्याकडे बघता बघता कोरगावचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर तरंगू लागतं. तू आदोळीवर नारळ खवते आहेस, खिडकीतून काजूच्या मोहराचा वास येतो आहे, आणि आत्या मला मांडीवर ओढून पायात पैंजण घालते आहे. तिची बोटं टाचेला लागतात आणि मी किंचाळते, श्वास अडकेपर्यंत. "कितें गो नाटकां हीं!" आत्या म्हणते. तू खवणं टाकून उठतेस. थोरल्या नणंदेला तू कधी उलट बोलली नव्हतीस. "नाटकां न्हय तीं. तिच्या पायांक सगळां याद आसा."

तेव्हा मला काही उमगलं नाही. मोठी झाल्यावर विचारलं, हे पांढरे बारीक ठिपके कसले, तेव्हा तू सांगितलंस. रक्त तपासायला रोज टाचेत सुई. घशात नळी, म्हणून रडण्याला आवाज नाही, नुसतं तोंड उघडं. आणि तू काचेबाहेर उभी. "इतल्या ल्हान जिवाक कळना म्हणून सगळेच सांगत," तू म्हणालीस, आणि माझ्या पायांना हात न लावता त्यांच्यावर नुसता पदर पसरलास. पुढे लग्नात जोडवी मी माझी मीच घातली. बायका कुजबुजल्या, नवरा म्हणाला, "घालूं दे तिका." सासरी, साखळी गावात आल्यावरही रक्त तपासायला द्यायचं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात.

म्हणून आज डॉक्टरबाईंना विचारलं, हिलाही असंच राहील का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. "राहू शकतं. इतक्या लवकर आलेल्या बाळांचं शरीर दुखणं जपून ठेवतं. पुढे कुणी हात लावला, काही दुखलं, की काही मुलं वेगळी वागतात. सगळीच नाही. म्हणून आता सुया जमेल तेवढ्या कमी करतो, आणि आईला जवळ ठेवतो."

मग नर्स आली. "ताई, पोरीक आंगार घेयात. मागीर सुई." मला पळून जावंसं वाटत होतं. पण तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला, आणि टोचलं. तिने कपाळाला आठी घातली, बारीकशी कुरकुरली, मूठ माझ्या कातडीवर घट्ट केली. मग हळूहळू मूठ सैल झाली. माझ्या श्वासाबरोबर तिचा श्वास चालू लागला, आणि किती वेळ गेला ते दोघींनाही कळलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुला सांगते, आई: त्या क्षणी मला माझ्याच लेकीचा थोडा हेवा वाटला.