हळू, लेक निजलीय

माय, आज तुझ्या पणतीला परभणीला पोचवून आले. माझ्या लेकीच्या घरी, म्हणजे पोरीच्या आत्याकडं. बारावी होईपर्यंत ती आता तिथंच राहील. कशासाठी म्हणून विचारशील तर झोपेसाठी. तू हसशील, मला माहीत आहे. झोपेसाठी कुणी घर सोडतं का, म्हणशील. आपल्याकडं ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ एवढ्यावर सगळं मिटायचं. तूच म्हणायचीस ते, माझी वाकळ ओढता ओढता. मी आता म्हातारी झाले, तेव्हा एवढं बोलायला हरकत नाही: धोंड्यावर झोप लागते गं, पण कुणी लागू तर दिली पाहिजे.

इथं झरीला माझ्या घरातही अजून कापूस आला की माणसं कडेला सरकतात. भाव चढेपर्यंत तो ठेवायचा, आणि ठेवायला जागा एकच, आपण निजतो ती. ज्यांच्याकडं जास्तीची खोली आहे त्यांचा कापूस त्या खोलीत राहतो आणि लेकरं पलंगावर. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली की पोरगी ढिगाच्या पायथ्याशी वाकळ टाकते. बघणाऱ्याला वाटावं, काय मऊ गादी आहे. पण त्यातल्या बारीक किड्यांनी अंगावर पुरळ उठतं, आणि पोरगी खाजवत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहते. त्यात शेताची लाईट रात्रीची. तिचा बाप मोटार चालू करायला उठला की दार वाजतं, बॅटरीचा उजेड तिच्या तोंडावर येतो. सकाळी पहिल्या एसटीनं कॉलेज.

परवा आली ती दप्तर टाकून चुलीपाशी बसली. म्हणाली, “आजी, आज वर्गात डुलकी लागली. सर म्हणले, घरी काय सालदारकी करतीस का?”

“मग तू काय म्हणलीस?”

“म्हणलं, न्हाई सर, कापूस राखते. सगळी हसली. सर पण हसले.” ती पण हसायला लागली, आणि हसता हसता भिंतीला टेकून तशीच झोपली. ताटातली भाकर निवून गेली. मी दुसऱ्या दिवशी लेकीला फोन केला.

माय, तू मला मालकिणीच्या घरी न्यायचीस ते दिवस आठवतात. तू सडा-सारवण करायचीस, मी शेणाची पाटी धरून मागं. ओसरीवर पलंग, पलंगाला मच्छरदाणी, आणि आत मालकिणीची लेक. माझ्याच वयाची. उन्हं अंगणात उतरायची तरी ती निजलेलीच. मालकीणबाई आतूनच म्हणायच्या, “हळू गं, लेक निजलीय.” मग तू बांगड्या कोपराकडं वर सारायचीस. काढायच्या कशा, म्हणून वर सारून घट्ट बसवायचीस, म्हणजे हात हलला तरी वाजू नयेत. सड्याचं पाणीसुद्धा तू फेकत नव्हतीस, जमिनीवर ठेवल्यासारखं सोडायचीस. मी जरा पाय आपटला की डोळे वटारायचीस. मला त्या पलंगाचा हेवा वाटला नाही, मच्छरदाणीचाही नाही. तुझी ती हलकी पावलं दुसरीच्या झोपेभोवती फिरताना बघून मात्र मी पाटी धरून जागीच थांबायचे. आपल्या घरी तू अंधारातच भांडी आपटायचीस. “ऊठ, उन्हं डोक्यावर आली.” उन्हं कुठली, कोंबडासुद्धा आरवलेला नसायचा.

मग वेचणीतली ती दुपार. कमरेला ओटी बांधून सकाळपासून वेचून वेचून माझी बोटं बोंडाच्या टोकांनी सोलली होती. घरी आलो, आणि मी सरळ कापसाच्या ढिगावर अंग टाकलं. तू ओरडशील असं वाटलं. तू मात्र पेटीतलं तुझं धुतलेलं लुगडं काढलंस, मला एका हातानं उचललंस आणि ते खाली अंथरलंस. सणाला नेसायचं लुगडं, माय. मग उंबऱ्यात जाऊन बसलीस. तेवढ्यात शेजारीण बोंबलत आली, “अगं ए, पोरीला घेऊन चल की, तिकडं वेचलेल्याचं वजन करायलेत!”

तू म्हणालीस, “हळू बोल. लेक निजलीय माझी.”

“आगं बया! लय मालकिणीची लेक लागून गेली!”

“आजच्यापुरती हाय,” तू म्हणालीस.

आज परभणीत लेकीनं पोरीला खोली दाखवली. लहानच आहे, पण दाराला कडी आहे आणि वर पंखा. जेवण झालं, आणि पोरगी जरा पडते म्हणून पडली ती गाढ झोपली. लेकीचा पोरगा टीव्ही लावायला गेला तर लेक म्हणाली, “बंद कर. ताई झोपलीय.” माय, तिला हे कुणी शिकवलं? मी तर तिलाही भांडी आपटूनच उठवलं होतं.

माझी गाडीची वेळ झाली. लेक म्हणाली, “आई, उठवू का तिला? न सांगता गेलीस तर रुसेल.” मला फार वाटलं उठवावं. तोंडावरून हात फिरवावा, जाते गं म्हणावं. मी नको म्हणाले. बांगड्या वर सारल्या, पिशवी उचलली. दारातून एकदा वळून बघितलं तेव्हा तिच्या पापण्या हलल्यासारख्या वाटल्या. मी तशीच निघाले.

आता मधल्या खोलीत कापूस आहे आणि तिची वाकळ गुंडाळून ठेवलेली आहे. मी लिहायला शिकले ते नातवंडांच्या पाटीवर; तुला तर वाचायला येतच नव्हतं. हा कागद तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता, आणि पुढचं दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जावं असं मला वाटत नाही. म्हणून घडी करून वाकळेतच ठेवते.

त्या दुपारी तू ‘लेक निजलीय’ म्हणालीस तेव्हा मी झोपले नव्हते, माय. शेजारणीच्या आवाजानंच जागी झाले होते. डोळे मिटून पडून राहिले, तू अजून एकदा म्हणशील म्हणून.