लाकडी पार्टिशनच्या अलीकडून

म्हैसूर,
गुरुवार, १० एप्रिल २०२५

प्रिय हयग्रीव,

नमस्कार. तू आणि जयलक्ष्मीवहिनी बरे असाल असं धरून चालतो. अठ्ठावीस वर्षं मी असंच धरून चालतो आहे. मी ठीक. गुडघे कुरकुरतात. सूनबाई सुमा दिवसातून दोनदा कॉफी देते; तिसरी मागितली की "मावा, साकू!" म्हणते, म्हणजे मामंजी, बास झालं. तिचं मराठी तेवढंच आणि माझं तिच्यापुढे चालणारं कन्नडही तेवढंच.

आज सकाळपासून कानांत एक जुना आवाज वाजतो आहे. लाकडी फळीवर बोटाची पेरं आपटल्याचा. तुला आठवतो ना? कॉलेजच्या मागच्या इमारतीत मराठीच्या वाट्याला एकच लांबलचक खोली आली होती, आणि मधोमध फळ्यांचं पार्टिशन घालून तिचे दोन वर्ग केले होते. अलीकडे मी, पलीकडे तू. एकदा टक म्हणजे 'आवाज कमी कर, माझी पोरं हसताहेत.' दोनदा म्हणजे 'थांब, पुढची ओळ ऐक.' आणि तीनदा म्हणजे तास संपला, चल कॉफीला. पंचवीस वर्षांत आपण एकमेकांना साधी चिठ्ठी लिहिली नाही. फळी होती ना.

एका जागेसाठी मुलाखतीला आलेले आपण दोघे. दोन तुकड्या आहेत म्हणून दोघांनाही ठेवून घेतलं. बाहत्तर सालचा जून. माझ्या नेमणुकीची तारीख तुझ्याहून चार दिवस आधीची, तेवढ्यावर मी पुढे विभागप्रमुख झालो. विद्वान तू होतास. मी आपला शाळेत पाठ केलेल्या कवितांवर जगलेला माणूस, बी.ए.च्या मुलांना शिकवतानासुद्धा आधी चाल लावायचो, मग अर्थ. अर्थ राहिला तर राहिला. तू मात्र दर रविवारी सायकल काढून रंगाऱ्यांच्या गल्लीत जायचास. गंगाबाईंच्या ओसरीवर बसून त्या कापड रंगवताना जे गायच्या ते वहीत उतरवून घ्यायचास. एकदा सोमवारी वर्गात आलास तो दहाही बोटं निळी. प्राचार्यांनी विचारलं, "हे काय?" तू म्हणालास, "संशोधन, सर." चौथ्या प्रकरणापाशी तुझा प्रबंध थांबला, मार्गदर्शक निवृत्त झाले. पण त्या वह्यांतलं तू वाचून दाखवायला लागलास की डॉक्टरेट बाजूला राहायची.

आता बातमी. आपलं मराठी बंद होतंय.

यंदा एकच विद्यार्थिनी आहे, सहना. ती परीक्षा देऊन गेली की विषयच यादीतून निघेल. शिकवायला कुणी नाही, म्हणून मला म्हाताऱ्याला दोन वर्षं आठवड्याला चार तास मानद म्हणून बोलावत होते. शनिवारी अकरा वाजता शेवटचा तास. नवे प्राचार्य विश्वेश तरुण आहेत, चांगले आहेत. म्हणाले, "सर, डिपार्टमेंटचा इतिहास एक पान लिहून द्या, मॅगझिनमध्ये घालू. शुक्रवारपर्यंत हवं." मी बसलो. बाहत्तर ते शहाण्णव एका बैठकीत उतरलं. मग लिहिलं: 'सन १९९७ मध्ये कार्यभार कमी झाल्यामुळे प्रा. हयग्रीव यांची बदली झाली.' आणि तिथे पेन अडलं. तीन दिवस अडलेलं आहे.

सहना तुला भेटून गेली, ती हीच. गंगाबाईंची पणती. घरातला रंग कधीच संपला. बाप कडकोळच्या कारखान्यात कामाला जातो. पणजीची गाणी हा तिच्या प्रकल्पाचा विषय. मला म्हणाली, "सर, आजीला दोनच ओळी येतात. बाकीच्या कुठं मिळतील?" माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. पत्ता मला ठाऊक असल्याचं मलाच नवल वाटलं.

रविवारी हुणसूरच्या बसनं गेली, संध्याकाळी परस्पर माझ्याकडे आली. पोरीला मराठी शब्द थोडे, उत्साह फार. "सर, ते सर म्हणजे सूपर! वही मांडीवर होती, पण उघडली नाही. एक तास नुसतं तोंडपाठ! मी रेकॉर्ड केलंय." मोबाइल माझ्या कानाला लावला. अठ्ठावीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, हयग्रीव. घोगरा झालाय. पण ओळीच्या मध्यावर तू अजून तसाच थांबतोस.

एक रंग सुताला, एक रंग काठाला,
तिसरा लागला बोटाला, तो धुता जाईना, बाई.

"माझ्याबद्दल काही म्हणाले का?" मी विचारलं.

"विचारत होते, रघू अजून सगळं वाचतो का?"

"मग?"

"मी म्हटलं, हौदु, हो तर, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचतात. ते हसले. मग नुसता वहीवर हात फिरवत बसले. मला जरा बेजार, म्हणजे वाईट वाटलं, सर. मी काही चुकीचं बोलले का?"

चुकीचं काही बोलली नाही ती. म्हणूनच हे पत्र.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये ऑफिस सुपरिंटेंडंट पांडुरंगराव माझ्या टेबलाशी आले. हातात कार्यभाराचा तक्ता. दरवर्षीचाच. बी.ए.च्या दोन तुकड्या मिळून मुलं अडतीस. त्या वर्षी तक्त्यात एक नवा रकाना होता: तुकड्या स्वतंत्र घेणार की एकत्र? स्वतंत्र म्हटलं तर दोन शिक्षक, एकत्र म्हटलं तर एक. विभागप्रमुखाला दोन्हींची मुभा होती. पांडुरंगराव म्हणाले, "स्वतंत्रच लिहा सर, कुणी विचारत नाही." मी तक्ता ठेवून घेतला. दुपारी 'एकत्र' असं लिहिलं आणि खाली सही केली.

जुलैत तुझी जागा जादा ठरली. संस्थेनं तुला हुणसूरच्या आपल्या ज्युनिअर कॉलेजात पाठवलं, हिंदी शिकवायला! कॅन्टीनमध्ये मी तुला सांगितलं की पांडुरंगरावांनी पगाराच्या कागदांत तो तक्ता घातला असणार, मी न वाचता सही केली. तू कॉफीचा पेला खाली ठेवलास. म्हणालास, "रघू, तू धोब्याची यादीसुद्धा दोनदा वाचतोस." आणि उठलास. तीच आपली शेवटची कॉफी. पेला अर्धा भरलेला होता.

पांडुरंगरावांना सगळ्यांनी बोल लावला. ते माझ्याकडे एकदाच बघून म्हणाले, "असेल सर, माझंच चुकलं असेल." पुढं ते वारले. त्यांच्या तेराव्याला मी दोन लाडू खाऊन आलो. बोललो काहीच नाही.

का केलं, ते लिहायला मला आज सकाळपासून चार कागद लागले. प्राचार्यांचा दबाव नव्हता, बढतीचा प्रश्न नव्हता. तसं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी वर्गात एक कविता म्हणत होतो, अगदी रंगात येऊन, चालीवर. मागच्या बाकावरची एक मुलगी डोकं पार्टिशनला टेकून बसली होती. मला वाटलं, डुलकी लागली. मग बघतो तर ती अख्खी रांगच फळीकडे कललेली. पलीकडे तू गंगाबाईंचं गाणं वाचत होतास. मी मुद्दाम आवाज चढवला. एका मुलानं तोंडावर बोट ठेवलं. तुझ्यासाठी नव्हे रे. मला गप्प करायला!

हजेरी मी घेत होतो, तास तुझा चालला होता. आणि आठवून आठवून कळलं की हे आजचं नव्हतं. कित्येक वर्षांचं होतं. मी त्या दिवशी फळीवर एकदा टक केलं असतं तर तू आवाज कमी केला असतास, वर दुपारी चेष्टाही केली असतीस. मी टक केलं नाही. खडू ठेवला, हात पुसले. जूनमध्ये एक शब्द लिहिला.

ऑगस्टमध्ये सुतार आला आणि दोन दिवसांत पार्टिशन काढून घेऊन गेला. अडतीस मुलं एका खोलीत, सगळी माझ्याकडे तोंड करून. जे हवं होतं ते मिळालं. पुढं निवृत्तीपर्यंत सात वर्षं मी एक ओळ म्हणायचो आणि थांबायचो, पलीकडून दोनदा टक होईल म्हणून. मुलांना वाटायचं, सर पुढची ओळ विसरले. कुणीतरी पुस्तक पुढं सरकवायचं.

एकदा हिनकलच्या थांब्यावर उभा होतो. हुणसूरहून येणारी बस थांबली. तू खिडकीशी होतास, मांडीवर हिंदीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, वर हात ठेवून डोळे मिटलेले. केस पांढरे झाले होते. बस चांगली दोन मिनिटं उभी होती. मी हात वर केला नाही. तू जागा झाला असतास तर? ह्या 'तर'वर मी बराच काळ काढला.

तर आता विनंती. शनिवारचा शेवटचा तास तू घे. मी सहनाच्या शेजारी बाकावर बसेन, हजेरीला नाव पुकारलंस तर 'हजर' म्हणेन. तुला यावंसं वाटलं नाही तर मी समजेन. पण इतिहासातलं ते वाक्य मी खोडलं आहे, ते तू येण्या-न येण्यावर नाही. आता असं आहे: 'सन १९९७ मध्ये दोन तुकड्या स्वतंत्र ठेवणं शक्य असताना विभागप्रमुख रघूत्तम यांनी त्या एकत्र केल्या व प्रा. हयग्रीव यांची जागा गेली. कै. पांडुरंगराव यांचा यात काहीही दोष नव्हता.' उद्या सकाळी विश्वेशच्या हातात देईन. तो म्हणेल, सर, हे असलं मॅगझिनमध्ये कशाला? मी म्हणेन, बाबा, एवढंच छाप, बाकी सगळं गाळलंस तरी चालेल.

सहना हे पत्र उद्या बसनं

थांब. दारावर कुणीतरी आहे. घंटा असताना ठोकताहेत.

परत बसलो आहे. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तीनदा ठोकलं होतं. दार उघडलं तर जयलक्ष्मीवहिनी.

"काय भाऊजी, ओळखलं की नाही?"

"वहिनी! तुम्ही? घंटा आहे की दाराला."

"ह्यांनी बजावलंय, घंटा दाबू नको, मोजून तीनदा ठोक. अय्यो, बोटं दुखली माझी!"

"हयग्रीव कुठाय?"

"खाली रिक्षात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलो होतो. ती पोरगी येऊन गेल्यापासून घरात नुसता म्हैसूर, म्हैसूर जप. इथवर आलो तर आता म्हणतात, वर येणार नाही, रघूलाच खाली बोलाव. पाय धड आहेत हो, हट्ट आहे." मग टेबलावरचे कागद दिसले त्यांना. "एवढं मोठं पत्र कुणाला?"

"त्यालाच."

वहिनींनी कागद नीट एकावर एक लावले. "त्यांना अक्षर दिसत नाही, भाऊजी. दोन वर्षं झाली. वही नुसती मांडीवर घेऊन बसतात." मग म्हणाल्या, "तुम्हीच वाचून दाखवा. सगळं. रिक्षावाला थांबेल, मी बघते त्याच्याकडे."

म्हणजे अक्षर सांभाळून घे असं तुला म्हणण्यात अर्थ नाही. सांभाळायचा तो आवाज, आणि तो माझा. कविता असती तर चालीनं निभावलं असतं. ह्याला चाल नाही.

सुमा दारातून विचारते आहे, किती कप? तिला तीन बोटं दाखवली आहेत. आज साकू म्हणाली नाही. वहिनी पायऱ्यांवर थांबल्या आहेत. चष्मा घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचून काढलं, काही खोडलं नाही, आणि मग खाली सही करतो आहे. तेव्हाही वाचूनच केली होती.

तुझा,
फळीच्या अलीकडचा,
रघूत्तम