तणावमुक्त सकाळ आणि माझा राजीनामा

अधारताल, जबलपूर

ती. भय्यासाहेब यांस,

धाकट्या बहिणीचा, अंजनीचा, साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे यंदा फक्त कागदावर). तुमचा खोकला आणि वहिनींची कंबर दोन्ही ताळ्यावर आहेत असे धरून चालते. इकडे सर्व क्षेम आहे, आणि त्याचाच त्रास आहे.

उन्हाळ्याची सुट्टी संपून आमच्या नातीची, चिन्मयीची, शाळा उघडली. उघडण्याआधी शाळेने पालकांना बोलावून ‘तणावमुक्त सुबह’ या विषयावर व्याख्यान दिले. (आपल्या वेळी शाळा मुलांना शिकवत असे. आता पालकांना शिकवते. मुलांना ट्यूशन लावावी लागते.) आमची सून ऋचा तिथून दीक्षा घेऊनच परतली. ती कटनीची, माहेर हिंदी, त्यात जिल्हा न्यायालयात वकील. तिने एकदा निकाल दिला की पुढे अपील नाही. निकाल असा की सकाळी कोणी कोणावर ओरडायचे नाही. गजराऐवजी बासरी वाजेल. मग सगळ्यांनी गोल बसून, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचे आणि हसतमुखाने नाश्ता करायचा.

बासरी वाजली. ती इतकी गोड होती की जो जागा होता तोही झोपला. पोळ्या मी लाटल्या, डबा मी भरला, हरवलेला मोजा मी शोधला, आणि तेही हसतमुखाने, कारण माझ्या कपाळाला आठी दिसली की नात म्हणे, "दादी, स्ट्रेस!" शेवटी मलाही त्या गोलात बसवले. आम्ही श्वास घेत होतो आणि खाली व्हॅनवाला हॉर्न बडवत होता, "माताजी, बिटिया को भेजो, नहीं तो हम चले!" मी ओरडले असते तर सगळ्यांचा श्वास मोडला असता. व्हॅन गेली. चिरंजीव योगेंद्र पायजम्यावरच स्कूटर घेऊन लेकीला सोडायला निघाले, आणि जाता जाता मलाच म्हणतात, "आई, काहून चिडून राहिली? पाहा न, घरात किती शांतता आहे!" घरातला ताण गेला नव्हता, भय्यासाहेब. त्याची माझ्याकडे बदली झाली होती.

त्याच दिवशी भर जेवणात मी उभी राहिले आणि जाहीर केले: सकाळच्या व्यवस्थेबाबत माझा राजीनामा.

ऋचाचे डोळे भरून आले. "सच, मम्मीजी? राज़ीनामा?" तिने वाकून माझे पाय धरले. मला वाटले, पोरीला माझी किंमत कळली. दुसऱ्या दिवशी कोर्टातून येताना ती खोव्याची जिलबी घेऊन आली आणि शेजारीपाजारी वाटत सुटली, "हमारी मम्मीजी मान गईं!" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण राजीनामा देतो तो काम सोडायला. तिच्या कोर्टात राज़ीनामा होतो तो दोन्ही पक्षांची तडजोड झाली म्हणजे! मी बासरीसकट सगळे कबूल करून बसले होते. योगेंद्रला दोन्ही भाषा येतात. गप्प का बसलास, विचारले तर म्हणाला, "जिलबी गरम होती, आई."

मी ऋचाला समोर बसवून शब्दाचा अर्थ समजावून दिला. आता मी मोकळी आहे. सकाळी हवे तितके लोळते. फार बरे वाटते.

तुमची,
अंजनी

ता. क. – ऋचाने माझा राजीनामा तत्काळ मंजूर केला. "अच्छा, मम्मीजी, आप आराम कीजिए, हम कर लेंगे." एका शब्दाने अडवले नाही! आता योगेंद्र पोहे करतो (कच्चट), चिन्मयी आपले मोजे आपण शोधते, आणि व्हॅन एकदाही चुकलेली नाही. मी पलंगावर पडून हे सगळे ऐकत असते.

आणखी एक – मोठे लोक राजीनामा देतात आणि मग वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर मागे घेतात. या घरात वडीलधारी मीच, मला आग्रह करणार कोण? तेव्हा पत्र मिळताच फोन करा. मी स्पीकर लावीन. आग्रह हिंदीत करा, म्हणजे ऋचालाही कळेल. मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय फोन ठेवू नका.