माजघराचं दार

अकोला,
१६ मार्च २०२४

ती. मोठीआईस गीतांजलीचा दंडवत प्रणाम, वि. वि.

गहू घरी आला आणि यंदाही तूच चाळलास, असं नत्थुजींकडून कळलं. शेत सांभाळून तुझ्यावर लक्ष ठेवणं त्यांना जमत नाही, हे दिसतंच. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते माझं बोलणं अर्धं गाळतात, म्हणून लिहिते.

मागच्या वर्षी कोठीतला गहू किडला. आमच्या गोदामात धान्यासाठी वापरतात त्या गोळ्या नत्थुजींबरोबर पाठवते आहे. कोठीत तेच ठेवतील. तू हात लावू नकोस. गोळ्यांची हवा बाहेर गेली तर उपयोग नाही. म्हणून माजघराचं दार-खिडकी पंधरा दिवस बंद ठेव, फटींत चिंध्या भर. कडुनिंबाचा पाला घालायची तुझी पद्धत मला ठाऊक आहे. त्यानं किडे मरत नाहीत, फक्त वैतागतात.

निम्मा गहू देवानंददादाला बडनेऱ्याला न्यायचा आहे. तुझा मुलगा असला तरी पाडव्याआधी त्याला कोठी उघडू देऊ नकोस. मी पाडव्याला दोन दिवस येईन. माझ्यासाठी काही करत बसू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

गीतांजली

•

शेतातलं घर, रिद्धपूर
२६ मार्च

चि. गीतांजलीस मोठीआईचे अनेक आशीर्वाद.

तुही चिठ्ठी पाहून नत्थुजी म्हणे, हे पोरीचं पत्र हाय का डॉक्टरचा कागद? मी म्हटलं, लहानपणी भाकरीचे तुकडेई मोजून खाये, आता तर गोदामाची नोकरी लागली, काय इचारता!

तू लिहिलं तसंच केलं. दार-खिडकी लावली, जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, एक फट राहू देली नाई.

तू म्हणते काही करू नको. काहून नको? वर्षानं येऊन राहिली. समोरच्या खोलीत पंखा हाय अन् तुले पंख्याबिगर झोप नाई, म्हणून ती तुले मोकळी केली. परवा चुना मारला. अजून ओला हाय, म्हणून माही खाट माजघरात नेली. अवकाळीचं आभाळ, अंगणात कोण झोपीन? रातीले आतून दार लावते अन् खालून चिंधी सरकवते. तुह्या गोळ्याची हवा जाऊ देत नाई.

होळी झाली, कुरडया झाल्या. कबऱ्या शेळीले दोन पिल्लं झाली, कान तुह्यासारखे उभे. म्हातारी मांजर कोठीमागं मरून पडली. नत्थुजी म्हणे वय झालं. मलेई कालपासून मळमळून राहिलं, डोकं धरून राहिलं. कुरडया घालता घालता ऊन लागलं असंल. कांदा हुंगला. तू आली का बरं वाटीन.

माया असू दे. उपाशीच येजो, पुरण घालते.

मोठीआई

•

अकोला,
२८ मार्च

ती. मोठीआईस दंडवत प्रणाम, वि. वि.

मागच्या पत्रात एक राहिलं. गोळ्यांची हवा माणसाला चालत नाही. माजघरात कोणी झोपू नये, बसूही नये. आपल्याकडे तिथे कोणी झोपत नाही म्हणून लिहिलं नव्हतं. पण लिहिलेलं बरं.

सुटी मंजूर झाली. तुझ्या गुडघ्यांसाठी पट्टा आणते आहे. तो बांधायचा असतो, खुंटीला टांगायचा नसतो.

बाकी भेटीत. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

गीतांजली

•

अकोला,
१२ एप्रिल

ती. देवानंददादास गीतांजलीचा दंडवत प्रणाम.

मातीच्या दिवशी सगळे म्हणाले, ऊन लागलं. मीही मान हलवली. दोन तारखेला अकोल्याला परतले, तर दाराखालून सरकवलेलं मोठीआईचं पत्र पडलं होतं. ते सोबत पाठवते आहे. माझं पहिलंही पाठवते. ते तिच्या उशीखाली होतं. तारखेनं वाच. दुसरं नत्थुजींनी पाडव्याला, न फोडलेलं, माझ्या हातात दिलं. ते एक तारखेला पोचलं आणि गडबडीत त्यांच्याकडेच राहिलं. मोठीआई एकोणतीसच्या पहाटे गेली.

ऊन लागलं नव्हतं. दार बंद ठेव, हे मी लिहिलं. आत झोपू नकोस, हे लिहिलं नाही. पहिल्या पत्राखाली चार ओळींची जागा कोरी आहे. नत्थुजी स्वतःला दोष देतात, पण गोळ्या मी दिल्या होत्या. गोदामात मी हे लेखी कळवलं आहे. तुला पोलिसांत तक्रार द्यायची असेल तर ही पत्रं पुरेत.

वीस तारखेला तू आचलवहिनी आणि मुलांना घेऊन येणार आहेस, म्हणून एवढं लिहिते. पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी मी परत रिद्धपूरला गेले, माजघर तीन तारखेपासून उघडं आहे. चिंध्या मी काढल्या. तरी तिथे कोणी झोपायचं नाही. समोरच्या खोलीत झोपा. चुना वाळला आहे. ती खोली मी वापरलेली नाही.

गव्हाचे तीन नमुने इथे आणून तपासले. खायला हरकत नाही. एकही दाणा किडलेला नाही. तुझा निम्मा वेगळा काढून ठेवला आहे.

लोभाचं तू ठरव.

गीतांजली