दुसऱ्यांदा

डोकमर्डी, सिल्वासा
पाडवा, १९८९

तीर्थरूप अण्णांस,

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

आज फराळाला यांच्या कारखान्यातली पुण्या-नाशिकची मित्रमंडळी आली होती. चिवडा खाता खाता गप्पा संगीत नाटकांवर गेल्या. शेजारच्या सुप्रियाने एक पद सुरू केलं आणि अंतऱ्याला अडली. मी आत अनारसे तळत होते. ऊन ओट्यावर आलं होतं, घरभर तुपाचा वास होता, आणि कसं कोण जाणे, तो अंतरा मीच म्हटला. कढईतला अनारसा हसून तुपात विरून गेला, तरी मी गातच होते.

हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अगं, तू गातेस?"

लग्नाला अकरा वर्षं झाली, अण्णा.

सगळ्यांनी वन्स मोअर दिला. मी अनारशांचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्यांच्या मुली गायल्या की तुम्ही पहिल्या रांगेतून वन्स मोअर द्यायचात. मला मात्र नाटकाच्या तालमीतून हाताला धरून घरी आणलंत. म्हणून आज दुसऱ्यांदा गायले नाही. ते तुमच्यासाठी राखून ठेवलंय. एकदा इथे या, पुढच्या खुर्चीत बसा, आणि मागा.

तुमची,
भारती