एकाच मांडवात दोघी

रुपालीचे पप्पा,

तुमी रानात गेल्यावर मी राजनंदिनीला घेऊन एस्टीनं पालमला माझ्या भावाकडं निघाले. दहावीची परीक्षा होईपर्यंत ती तिथंच राहील.

काल बैठकीत पाहुणे म्हणले, रुपालीच्या मांडवातच धाकटीचंबी उरकू, एक जेवणावळ वाचंल. तुमी मान हलवली. मी आत चहा गाळीत होते, गाळतच राह्यले. राग यायला पाहिजे होता, आला न्हाई. मग नंदीनं इचारलं, आई, मला साडी कोणती घ्यायलेत. मी म्हणलं, झोप.

जेवणात वाचवायचंच असंल तर पनीर काढा. वरण-भात, वांग्याची भाजी अन् बुंदी बस झाली. पुऱ्या लाटायला भावकीतल्या बाया येतेत, मी सांगून ठेवलंय. आचाऱ्याकडं फक्त भाजी अन् बुंदी द्या.

भाकरी टोपल्यात हायेत. शेळीला पाणी दाखवा. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमी बघा.

मी हळदीच्या दिवशी एकटीच येते. हळद जात्यावर दळून डब्यात भरून ठेवली हाय. एकीपुरतीच दळली.

राजनंदिनीची आई