अन्वरचा फोन का येत नाही

गिझलान,

मी तेतुआनच्या सरकारी इस्पितळात जातोय. अन्वर होडीने स्पेनला निघाला, त्याच रात्रीची एक होडी उलटलीय. सापडलेल्यांची ओळख पटवायला घरच्यांना बोलावलंय. आईला मात्र मी वाचनालयात गेलोय असं सांग. हरीराचं सूप गरम करून दे. ती नको म्हणेल, तरी दोन घोट पोटात जाईपर्यंत समोरून उठू नकोस.

त्याचा फोन का येत नाही, हे ती पुन्हा विचारेल. मी तिला सांगितलंय की तो फोन सिमकार्ड कंपनीच्या दुकानातला आहे, लॉक केलेला, त्यात स्पेनचं कार्ड चालत नाही. शेजारणींनाही ती तेच सांगते. तूही तेच सांग.

तुला मात्र खरं माहीत असावं. कंपनीचा फोन स्वस्त होता आणि अन्वरला तोच हवा होता. "बाबा, पुस्तकं सोडून काहीही घेतलंत की तुम्ही फसताच," असं म्हणून तो हसलाही. तरी मीच हट्टाने लॉक नसलेला घेतला. पोरगा कुठेही गेला तरी त्याला घरी बोलता यावं, एवढंच मनात होतं. त्या फोननेच त्याच्या डोक्यात परदेशी जायचं भरलं का, कोण जाणे.

त्या फोनमध्ये कुठल्याही देशाचं कार्ड चालतं, पोरी.

बाबा